डोळे झाकून घ्या

तिचं खरं नाव विजेच्या बिलावर होतं, बाकी कुठे नव्हतं. गिऱ्हाइकं, शेजारीपाजारी, समोरचा पंक्चरवाला, सगळे तिला लख्खताई म्हणत. गाडी पुसून झाली की ती दोन पावलं मागे सरायची, मान जराशी तिरकी करायची आणि म्हणायची, "लख्ख!" एकदाच. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी हा शब्द ऐकल्याशिवाय किल्लीला हात लावत नसे. एकदा एका गृहस्थांनी न ऐकताच गाडी बाहेर काढली आणि कोपऱ्यावरून परत आले. म्हणाले, "काहीतरी राहिल्यासारखं वाटलं."

तिची जागा म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याची शेड. भिंतींवर अजून शाईचे डाग होते आणि एका खिडकीच्या चौकटीत कुणीतरी विसरलेली शिशाची अक्षरं अडकलेली होती. शेडच्या दोन्ही बाजूंना तिने ट्यूबलाइट लावल्या होत्या, पण वर नाही, गुडघ्याएवढ्या उंचीवर. वरून उजेड पडला की रंगावरचे ओरखडे लपतात, बाजूने पडला की एकूण एक ओरखडा चुगली करतो. दोरीवर फडकी वाळत असायची, जुन्या सुती चादरी फाडून केलेली. एका फडक्याच्या आठ घड्या, प्रत्येक घडीला एक नवी बाजू. फडकं चुकून जमिनीवर पडलं तर ते पुन्हा गाडीच्या अंगाला लागायचं नाही, त्याची थेट चाकांकडे बदली.

बाहेर पूर्वी 'गाडी पॉलिश' अशी साधी पाटी होती. मग तिचा दीर मनावर घेऊन बसला. "वहिनी, पॉलिश काय म्हणता? डिटेलिंग म्हणा, डिटेलिंग! जग कुठे चाललंय!" त्याने 'कार डिटेलिंग स्टुडिओ' अशी चकचकीत पाटी आणून ठोकली. तिच्याखाली छापखान्याच्या काळातली 'येथे थुंकू नये' ही पाटी तशीच राहिली. जग कुठेही चाललेलं असो, ती सूचना अजून लागू होती.

लख्खताई स्वभावाने भारी चौकस. दुधावर साय येते मग पाण्यावर का येत नाही, या एका प्रश्नावरून तिने लहानपणी आईला सळो की पळो करून सोडलं होतं. लग्नानंतर नवऱ्याचा नंबर लागला. तो दवाखान्यात कंपाउंडर. गोळी गोडच का करत नाहीत इथपासून ते थर्मामीटर झटकायचा कशासाठी इथपर्यंत सगळ्याची उत्तरं त्याला जेवताना द्यावी लागायची. पण एका बाबतीत तिने कधी 'का' विचारला नव्हता, आणि ती बाब म्हणजे उस्ताद.

उस्तादांकडे ती सीटची कव्हरं शिवायला गेली होती. त्यांनी तिचा हात पाहिला आणि सुई काढून फडकं दिलं. पॉलिश कसं धरायचं, गोल फिरवायचं की सरळ, कडेला किती जोर लावायचा, सगळं त्यांनी शिकवलं. दोन गोष्टी तर तिच्या रक्तातच उतरल्या होत्या. पहिली, फडक्यावर रंग उतरला म्हणजे मळ निघाला, काम फत्ते. दुसरी, पॉलिश घ्यायचं ते पिवळ्या झाकणाचं. "बाकी काही बघू नकोस. डोळे झाकून घे," असं ते म्हणायचे. त्या पिवळ्या झाकणाच्या पॉलिशला संत्र्याच्या सालीचा वास होता. उस्ताद जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचं लाकडी स्टूल आणि तो वास, दोन्ही आता तिच्या शेडमध्ये होते.

एका शनिवारी सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका, पण सिस्टर हे नाव काही निवृत्त झालं नव्हतं. त्यांची गाडी लाल, लहानशी आणि जुनी. हल्लीच्या गाड्यांना रंगावर एक पारदर्शक थर असतो, काचेसारखा. ही गाडी त्याच्याही आधीची. तिला नुसता रंग, वर काही नाही. अकरा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती या शेडमध्ये यायची आणि सिस्टर स्टुलावर बसून पॉलिश बघत बसायच्या. शेवटी लख्खताई लालभडक झालेलं फडकं त्यांच्यापुढे धरायची. "बघा सिस्टर, किती मळ निघाला!" सिस्टरांना त्याचं फार समाधान. आयुष्यभर जखमा पुसलेल्या बाईला मळ निघालेला बघायला आवडणारच.

त्या शनिवारी मात्र त्या स्टुलावर बसल्या नाहीत. बॉनेटजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, हे बघ काय झालंय."

बॉनेटच्या पुढच्या कडेला अंगठ्याएवढा राखाडी डाग होता. लाल रंग संपून खालचा अस्तराचा रंग डोकावत होता.

"ऊन असेल, सिस्टर," लख्खताई म्हणाली. या धंद्यात कशालाही ऊन हे उत्तर चालतं.

"ऊन? माझी गाडी तर छपराखाली असते. भाजी आणणे आणि दवाखाना, एवढाच तिचा प्रवास." सिस्टरांनी डागावर बोट फिरवलं. "ऐक. पुढच्या महिन्यात भाची नोकरीला लागतेय, गाडी तिला द्यायची आहे. माझे गुडघे आता क्लच दाबायला नाही म्हणतात. तिच्या हातात किल्ली देताना गाडी छान दिसायला हवी. आणि पुढे तिने काय लावायचं, तेही सांगून ठेव. तू म्हणशील ते."

"डोळे झाकून सोपवा माझ्यावर," लख्खताई म्हणाली.

"पुन्हा रंगवूया का, असं तेवढं विचारू नकोस हं," सिस्टर जाता जाता म्हणाल्या. "दुसरा रंग दिला तर मग ती माझी कुठली?"

गाडी शेडमध्ये ठेवून त्या रिक्षाने गेल्या. लख्खताई स्टूल ओढून त्या डागासमोर बसली. ऊन असतं तर आधी टपावर दिसलं असतं. दगड उडाला असता तर टवका निघाला असता. हा डाग कडेला बशीसारखा हळूहळू पातळ होत गेला होता. असं का झालं ते तिला कळेना, पण एक कळत होतं: रंग कमी उरलाय. आता चुकीचं काही लावलं तर बॉनेटभर असे अंगठे उमटतील आणि सिस्टर ती गाडी भाचीला दाखवतील तरी कशी? जुन्या रंगाला जपणारं, हलक्या हाताचं पॉलिश हवं होतं. उस्ताद असते तर त्यांना विचारलं असतं. ते नव्हते, म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा पॉलिशबद्दल इतरांना विचारायला निघाली.

आधी गाडीच्या सामानाचं दुकान. दुकानदाराने विचार करायलाही वेळ घेतला नाही. चांदीच्या रंगाची बाटली काउंटरवर ठेवली. "ताई, ही. डोळे झाकून घ्या."

पण तिचे डोळे उघडे होते, आणि चौकस बाईचे डोळे एका जागी थोडेच राहतात? दुकानदाराच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं. घड्याळात काट्यांच्या मागे तीच बाटली.

"घड्याळ नवीन वाटतं?"

"हो, कंपनीने दिलं."

"आणि ही खुर्ची?" खुर्चीच्या पाठीवरही तीच बाटली छापलेली होती.

"ती पण त्यांनीच."

"आणि टोपी?"

दुकानदाराने हळूच डोक्यावरची टोपी काढली आणि काउंटरखाली ठेवली. "ताई, बाटली चांगली आहे हो पण," तो म्हणाला. चांगली असेलही. तिने एक घेतली.

मग दीर. तो मोबाइलवर गाड्यांच्या सामानाचे व्हिडिओ करायचा आणि बरीच मंडळी ते बघायची. त्याने काळी बाटली काढून दोन्ही हातांत धरली, तान्हं बाळ धरल्यासारखी. "वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो. ही. डोळे झाकून."

"तुम्ही लावून बघितलंत का, भाऊजी?"

"मी? माझ्याकडे गाडी कुठे आहे?"

हे खरंच होतं. त्याच्याकडे स्कूटर होती, आणि ती कधी धुतलेली कुणी पाहिली नव्हती. तिने घरी बसून त्याचा त्या बाटलीवरचा व्हिडिओ बघितला. सात मिनिटांत बाटली पुढून दिसली, मागून दिसली, खिडकीत ठेवून उजेडात दिसली, पण झाकण काही उघडलं नव्हतं. सील तसंच होतं. कंपनी खोकंभर बाटल्या पाठवायची आणि दीर खोकंभर कौतुक परत पाठवायचा. तरी तिने तीही बाटली घेतली.

तिसरा पलीकडच्या चौकातला पॉलिशवाला. हा खरा धंद्यातला माणूस, आणि तिचा प्रतिस्पर्धीही. त्याने तिला बसवलं, पंखा लावला, चहा मागवला, तेव्हाच तिला जरा शंका आली. "मी तर बिननावाचं वापरतो," तो म्हणाला. "पत्र्याच्या डब्यातलं. तुला खोटं सांगेन का मी? डोळे झाकून घे. दोन डबे घेतलेस तरी चालतील. चार घेतलेस तर घरी आणून देतो." ती हात धुवायला मागे गेली, तर तिथे छपराला टेकलेली डब्यांची रास. कुणीतरी त्याच्या गळ्यात मारली होती आणि तो आता दुसऱ्याचा गळा शोधत होता. तिने एकच डबा घेतला आणि चहा मात्र पूर्ण प्यायला.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळी हकिगत सांगितली. टोपीच्या गोष्टीला कंपाउंडर इतका हसला की त्याला ठसका लागला.

"आमच्याकडे हे रोजचंच आहे," तो म्हणाला. "सकाळी डॉक्टरांच्या टेबलावरचं पेन बघून घ्यायचं. दिवसभर कुठलं औषध लिहून देणार ते कळतं."

"म्हणजे डॉक्टर लबाड?"

"छे! त्यांना मनापासून वाटतं तेच औषध चांगलं आहे. तीच तर गंमत आहे." मग भांडी आवरता आवरता त्याने सहज विचारलं, "आणि तुझं पिवळं झाकण?"

"त्याचं काय? मला कोण घड्याळ देतंय?"

तो एकच वाटी पुसत राहिला. या माणसाचं असं पुसत राहणं तिला पुरतं ओळखीचं होतं, त्यामुळे ती चिडली. "सगळे डोळे झाकून घ्या म्हणतात ना? मग झाकूनच घेऊ. चारही पॉलिश आणते. तुम्ही बाटल्या बदला, मी न बघता सांगते कुठलं चांगलं. होऊन जाऊ दे दूध का दूध."

रविवारी दुपारी अंगणात सगळी मांडामांड झाली. भंगारवाल्याकडून तिने सिस्टरांच्या गाडीच्याच वयाचं एक लाल बॉनेट आणलं होतं. ते दोन स्टुलांवर आडवं ठेवून चिकटपट्टीने त्याचे चौकोन पाडले. कंपाउंडरने दवाखान्यातल्या तपकिरी बाटल्या धुऊन आणल्या होत्या. तो स्वयंपाकघरात गेला, दार लावून घेतलं आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. बाटल्यांवर फक्त आकडे होते. एक ते पाच.

"पॉलिश चार, बाटल्या पाच कशा?"

"तू पूस."

ती पुसायला लागली. एकेक चौकोन, एकेक नवं फडकं. ती बोलायची आणि तो वहीत लिहायचा. पहिली बाटली, "बरी आहे. दहापैकी सहा." दुसरी, "पाणचट. पाच." तिसरी, "दिसायला ठीक, पण जीव नाही हो याच्यात. सहा." चौथी उघडली मात्र, तिचा चेहराच बदलला. संत्र्याची साल! तिने फडकं फिरवलं, मान तिरकी केली आणि नवऱ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. "डोळेच काय, हात बांधलेत तरी ओळखीन. बघा कसा उठलाय रंग. नऊ लिहा. एक उगाच कापला, दृष्ट लागू नये म्हणून." पाचवी बाटली उघडताच ती शिंकली. "हे काय, सर्दीचं औषध? डोळे चुरचुरताहेत. चार."

कंपाउंडरने वही मिटली. त्याचा चेहरा अगदी गरीब झाला होता, इंजेक्शन देण्यापूर्वी व्हायचा तसा.

"दोन आणि चार एकच आहेत," तो म्हणाला. "डब्यातलं, बिननावाचं. चारमध्ये मी संत्र्याच्या इसेन्सचे दोन थेंब टाकले. पोरांच्या खोकल्याच्या औषधात घालतो ना, ते."

"आणि पिवळं झाकण?"

"पाच. त्यात निलगिरी घातली."

मग हातातलं फडकं तिने धाडकन जमिनीवर आपटलं, आणि तिच्याच नियमाप्रमाणे ते चाकांचं झालं. "ही फसवणूक आहे! निलगिरी घातलीत म्हणून मी मार्क कापले!"

"बरोबर. आणि संत्रं घातलं म्हणून दिलेस. मग पॉलिशला कुठे दिलेस?"

तिने नवऱ्याशी अबोला धरला. तो चहाच्या वेळेपर्यंत टिकला. तोवर ती अंगणातल्या पायरीवर एकटी बसली होती. नुसत्या दोन थेंबांनी तिला गंडवलं होतं. पण ते थेंब कुठे पोचले होते हे तिला ठाऊक होतं. त्या वासात उस्तादांची बोटं होती, त्यांचं ते "हां, आता जमलं" होतं. तिचे वडील लवकर गेले होते. शाबासकी कशी असते ते तिला उस्तादांकडेच कळलं होतं. तिला रडू आलं, ते तिने येऊ दिलं. रडून झाल्यावर तिला नवल वाटू लागलं. दुकानदाराला निदान टोपी काढून ठेवता आली. हा वास मी कुठून काढून ठेवू? आणि कुणाचंही घड्याळ न घेता अकरा वर्षं मी किती जणांना म्हणाले असेन, पिवळं झाकण, डोळे झाकून घ्या?

चहा झाल्यावर ती उठली. "पुन्हा करू. या वेळी काही थेंबबिंब टाकायचे नाहीत. चार पॉलिश, चार बाटल्या. आणि कापूस आणा."

कंपाउंडरने बाटल्यांवर आकडे नव्याने टाकले आणि कुठल्या आकड्यात काय ते एका चिठ्ठीवर लिहून घडी घातली. नाकात कापूस कोंबून तिने पुन्हा चार चौकोन पुसले. बोलताना तिचा आवाज असा येत होता की कुंपणापलीकडून शेजारणीने "बरं नाही का गं?" म्हणून विचारलं. ट्यूबलाइट आणून तिने ती आडवी धरली, डोकं वाकवून बघितलं, हाताच्या पाठीने चाचपलं. मग नाकातला कापूस काढला आणि हताश होऊन म्हणाली, "सगळे सारखेच आहेत हो. सगळ्यांना सात."

एवढा खटाटोप करून ही तऱ्हा! कंपाउंडर या फेरीची फडकी धुवायला गोळा करू लागला. प्रत्येकाला त्याने आकड्याची चिठ्ठी टाचली होती. त्याने ती दोरीवर ओळीने लावली आणि म्हणाला, "फडकी मात्र सारखी नाहीत."

खरंच नव्हती. एक नंबरचं लालभडक होतं. दोन आणि चार गुलाबी. तीन नंबरचं जेमतेम डागाळलेलं.

"मग एक नंबर चांगलं," ती म्हणाली. "जास्त मळ निघालाय."

"कसला मळ?"

"जुना. गाडीचा. उस्ताद म्हणायचे..."

"दुपारपासून या बॉनेटला तू कितीदा घासलंस?" कंपाउंडरने विचारलं, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात गंमत नव्हती, त्याला खरंच प्रश्न पडला होता. "मळ संपत कसा नाही?"

ती वळली. एक नंबरची बाटली घेतली, कोरं फडकं घेतलं आणि बॉनेटच्या कडेचा हातभर तुकडा घासायला लागली, नेहमीच्या जोराने. फडकं लाल झालं. घडी बदलली, लाल. आठही घड्या संपल्या, नवं फडकं, लाल. मळ असता तर एव्हाना संपला असता. ती थांबली नाही. उन्हं कलली, दंड भरून आला, फडक्यांचा ढीग झाला. आणि मग कडेला, जिथे तळहाताचा जोर सगळ्यात जास्त पडतो तिथे, लालाखालून राखाडी दिसायला लागलं. बशीसारखं हळूहळू पातळ होत गेलेलं. अंगठ्याएवढं.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो तिला मुळीच आवडला नाही.

कंपाउंडरने चिठ्ठी उघडून बघितली. एक नंबर म्हणजे पिवळं झाकण. तीन नंबर, सगळ्यात कमी रंग काढणारी, दिराची काळी बाटली. ज्याने ती कधी उघडलीच नव्हती तोच बरोबर निघाला होता. पैसे घेऊन बोललेलं दर वेळी खोटंच असतं असंही नाही, हे एक नवीनच कोडं. "भाऊजींना सांगू नका," ती म्हणाली. "त्यावरही व्हिडिओ करतील."

उस्ताद खोटं बोलले नव्हते. त्यांच्याकडे गाड्या यायच्या त्या दोन-तीन वर्षांतून एकदा, उन्हाने विटलेल्या. पहिल्या हाताला मेलेला रंग निघायचा, तो मळच. पण सिस्टरांची गाडी दर महिन्याला यायची. पहिल्या शनिवारी मळ निघाला असेल. त्यानंतरची अकरा वर्षं ती गाडीची कातडी सोलत होती आणि फडकं वर धरून मालकिणीला दाखवत होती. कुणी कुणाला फसवलं नव्हतं, आणि तरी रंग गेला होता.

पुढचे पाच दिवस लाल गाडी शेडमध्ये उभी होती. लख्खताईला एक वाट दिसत होती, आणि ती फार सोपी होती. काळी बाटली लावायची, डागावर ब्रशने लाल टिंब द्यायचं, आणि ऊन म्हणायचं. सिस्टर खूश, भाची खूश. तिने ब्रश काढूनही ठेवला होता. पण दोरीवरची फडकी बघितली की तिला सिस्टरांचा तो समाधानी चेहरा आठवायचा आणि ब्रश ती परत डब्यात टाकायची.

शनिवारी सिस्टर आल्या आणि सवयीने स्टुलावर बसल्या. लख्खताई समोर उभी राहिली. "सिस्टर, ऊन नव्हतं ते. मी होते."

तिने सगळं सांगितलं, संत्र्याच्या थेंबांसकट. फडकी दाखवली. भंगारातलं बॉनेट दाखवलं, त्याच्यावरचा अंगठा दाखवला. सिस्टर चष्मा वर करून प्रत्येक फडकं उलटून पालटून बघत होत्या.

"म्हणजे मी इथे बसून जे बघत होते," शेवटी त्या म्हणाल्या, "तो माझाच रंग होता."

"हो."

"आणि मी तुला शाबास म्हणत होते." सिस्टरांचा आवाज चढला. त्या रागावल्या होत्या आणि राग लपवण्याच्या वयाच्या त्या राहिल्या नव्हत्या. "अकरा वर्षं गं! एकदा तरी विचारायचंस स्वतःला!"

आयुष्यभर सगळ्यांना 'का' विचारत आली होती लख्खताई.

सिस्टर उठून गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या. वॉर्डात फेरी मारावी तशी, हात पाठीमागे बांधून. परत आल्या तेव्हा राग थोडा उतरला होता. "बरं. झालं ते झालं. आता काय लावायचं?"

"काळी बाटली रंग सगळ्यात कमी काढते. पण माझं ऐकू नका. हे फडकं, ही बाटली, तुम्हीच कोपऱ्यात लावून बघा."

सिस्टरांनी बाटली हातात घेतली, सवयीने आधी मागची बारीक अक्षरं वाचली आणि खाली ठेवली. "आणि काहीच नाही लावलं तर गं?"

दुकानदार, दीर, चौकातला पॉलिशवाला, उस्ताद, लख्खताई स्वतः, सगळ्यांनी 'कुठलं' ते सांगितलं होतं. अंगणात तिने पाच पाच बाटल्या मांडल्या होत्या. पण एक चौकोन नुसता सोडावा, हे तिला सुचलं नव्हतं. कसं सुचणार? ती पॉलिशवाली होती.

"तुमची गाडी सावलीत असते," ती सावकाश म्हणाली. बोलताना तिला कळत होतं की दर महिन्याचा पहिला शनिवार हातातून चाललाय, आणि त्यात तिचा एक आवडता माणूसही. "भाचीनेही सावलीत ठेवली तर नुसतं पाणी आणि मऊ फडकं पुरे. आहे तेवढा रंग तिला पुरून उरेल."

"मग तेच कर."

तिने बादली भरली. गाडी धुतली, हलक्या हाताने, तान्ह्याला न्हाऊ घालावं तशी, आणि पुसली. मग ब्रश उचलला, तर सिस्टर म्हणाल्या, "तो डाग राहू दे. भाचीला दाखवायचाय मला. लोकांचं ऐकताना उपयोगी पडेल."

गाडी झाली. पॉलिश केल्यासारखी आरशागत दिसत नव्हती, पण लाल होती, शांत, खोल लाल, आणि पुढे तो राखाडी अंगठा. लख्खताई दोन पावलं मागे सरली आणि गप्प उभी राहिली. सिस्टरांनी किल्लीला हात लावला नाही.

"का गं, आज म्हणत नाहीस?"

लख्खताईने हातातल्या फडक्याची घडी उलगडली. एक, दोन, आठही बाजू बघितल्या. ओली धूळ होती थोडी. लाल कुठेच नव्हतं. अकरा वर्षांत या गाडीचं फडकं असं पांढरं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने ते नेहमीसारखं सिस्टरांपुढे धरलं, आणि गाडीकडे नाही, त्या फडक्याकडे बघत म्हणाली, "लख्ख."